पेपर पोरीनं सोडवला, फॉर्म शाळेनं भरावा

आठवी-नववीतल्या मुलांच्या आईवडिलांनो, वर्गशिक्षकांनो, मुख्याध्यापकांनो,

आमच्या गावातली एक मुलगी आठवीत एनएमएमएसला, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसली. आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न जमेनात, म्हणून आईचा कुंकू लावायचा आरसा वहीवर उभा धरून तिनं महिनाभर सराव केला. बुद्धिमत्तेचे 90 प्रश्न, शालेय विषयांचे 90, दोन्ही पेपर दीड-दीड तासाचे. निवड यादीत नाव लागलं, शाळेच्या फलकावर रंगीत खडूनं लिहिलं गेलं. दहावी संपली तरी खात्यावर पैसे आले नाहीत. आधारवर आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं होतं. अर्ज पोर्टलवर अडकला, मुदत उलटून गेली, आणि हे तिला कुणी सांगितलंच नाही. यादीतलं नाव चुकून लागलं असेल, अशी तिची समजूत झाली. आम्हाला राग आहे तो याचा.

ही योजना केंद्र सरकारची, 2008 पासूनची. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतली मुलं, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. एवढ्या पैशात तालुक्याच्या कॉलेजचा एसटी पास निघतो, पुस्तकं येतात, आणि मुख्य म्हणजे दहावीनंतर मुलीचं लग्न काढणाऱ्या घरात तिच्या बाजूनं बोलायला एक आधार मिळतो.

दोन्ही पेपर मिळून 40 टक्के पडले, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 32, की मूल पात्र. पात्र म्हणजे निवड नव्हे. देशात दरवर्षी 1 लाख नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682. उत्पन्नाची मर्यादा दीड लाखावरून साडेतीन लाखांवर नेली ते चांगलं झालं, पण शिष्यवृत्त्यांचा आकडा तोच ठेवला. जास्त गरजू मुलं तेवढ्याच जागांसाठी झगडतात.

आणि एवढ्यातून निवडलेलं मूल पुढे कशात हरतं? कागदात. निकालानंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्यानं अर्ज करायचा. तो आधी शाळेनं तपासायचा, मग जिल्ह्यानं. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. पुढच्या वर्षी पुन्हा नूतनीकरण. दहावीला साधारणपणे 60 टक्के हवेत. अकरावीला विनाअनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती बंद, आणि हे प्रवेशाआधी किती घरांना माहीत असतं?

पालकांनी जागरूक राहावं, असं सांगणारे भेटतात. पोर्टल बहुधा पावसाळ्यात उघडतं आणि मुदत दिवाळीच्या आगेमागे संपते. दसरा झाला की ऊसतोडीची घरं कोयते घेऊन निघतात. फडात पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसाकडून ओटीपी आणि कागद अपलोड करायची अपेक्षा ठेवायची? घरात एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशात. ज्या गरिबीमुळे ही मुलं पात्र ठरतात, तीच गरिबी त्यांचा अर्ज बाद करते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. निवड यादी लागली की अर्ज भरायची जबाबदारी शाळेची. नावातली तफावत आठवीतच, परीक्षेचा फॉर्म भरताना दुरुस्त व्हावी. अर्ज परत आला तर मुलाच्या घरी लेखी कळवावं, कारणासकट. नूतनीकरण शाळेनं करावं, आणि अकरावीला मूल गेलं की त्या कॉलेजनं ते हाती घ्यावं. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा ढीग आहे हे आम्ही जाणतो. त्यासाठी केंद्रप्रमुखांच्या पातळीवर माणूस द्या, हीही मागणी आहे. रक्कम 2017 मध्ये 6,000 वरून 12,000 झाली, तिथेच थांबली, तीही वाढवा.

येत्या पालकसभेत प्रत्येकानं मुख्याध्यापकांना विचारावं: गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेतली किती मुलं यादीत आली, आणि त्यांतल्या कितींच्या खात्यावर पैसे जमा झाले? दोन्ही आकडे फलकावर लिहून मागा, त्याच रंगीत खडूनं.