दहावीला जादा वेळ मिळतो, मग आठवीत मदत का नाही?

दहावीची परीक्षा जवळ आली की काही पालकांची धावपळ अभ्यासापेक्षा प्रमाणपत्रासाठी जास्त होते. मूल तोंडी उत्तरं बरोबर देतं, पण पेपरात जोडाक्षरं गळतात, आकडे उलटेपालटे होतात, वेळ पुरत नाही. 'आळशी आहे', 'लक्षच देत नाही' असं ऐकत ते नववीपर्यंत आलेलं असतं.

यामागे अध्ययन अक्षमता असू शकते. वाचनात अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनात डिसग्राफिया आणि गणितात डिसकॅल्क्युलिया. याचा बुद्धी कमी असण्याशी संबंध नाही.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात अध्ययन अक्षमता पहिल्यांदा आली. कलम १६ नुसार अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवणं शिक्षणसंस्थांकडून अपेक्षित आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी पुढच्या, म्हणजे कलम १७ मध्ये आहेत.

म्हणजे आधी ओळख आणि शिकवणं, मग परीक्षेतली सवलत. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटं होतं.

महाराष्ट्र पुढे होता, तरी अडलं कुठे?

महाराष्ट्राने १९९६ मध्येच या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि त्याआधी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशांकडून तपासणी. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तालुक्याच्या गावात अशी सोय सहसा नसते. मग कामावर खाडे करून पालकांना मोठ्या शहरात खेटे घालावे लागतात.

भाषेचाही प्रश्न आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, पण ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. प्राथमिक शाळेत अडचण लक्षात आली नाही, तर हायस्कूलमध्ये ती ओळखणं आणखी कठीण होतं.

उशीर झाला की काय होतं?

२०२१ मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट' परीक्षेत हक्काचा एक तास जादा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण फेरपरीक्षा घ्यायला नकार दिला. अन्यायाची भरपाई कशी करता येईल, याचा विचार करायला परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं. हक्क सिद्ध झाला, पण गेलेला तास परत आला नाही.

त्याच वर्षी न्यायालयाने आणखी एका प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाणही ठरवून दिलं: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, तर उच्च प्राथमिक आणि माध्यमिकला १५ मुलांमागे एक. शाळेत हा शिक्षकच नसेल, तर मुलाची अडचण ओळखणार कोण?

शाळा आजपासून काय करू शकते?

काही गोष्टींना ना मोठा खर्च लागतो, ना प्रमाणपत्र. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी छापील टिपणं देणं. चाचणीत काही उत्तरं तोंडी घेणं. सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती न करणं. गणितात पाढ्यांचा तक्ता जवळ ठेवू देणं. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी विज्ञानाचे गुण न कापणं.

पालकांनीही दहावीची वाट पाहू नये. शंका आली की शाळेकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.

'या मुलांना फुकटचे गुण मिळतात' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण जादा वेळेत उत्तर कोणी सांगत नाही. जे येतं ते कागदावर उतरवायची संधी तेवढी मिळते. मात्र आठवीत धडा समजलाच नसेल, तर दहावीत मिळालेला जादा वेळ म्हणजे वरातीमागून घोडं.