पिसवांचे खरे घर

श्रावण-भाद्रपदाची दमट हवा घराघरांत भरली, म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या घरी एक जुना पाहुणा न बोलावता येऊन राहतो. पाळण्यातले मूल रात्रभर किरकिर करते, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पोटऱ्यांवर लाल गांधी उठतात, शेळीची करडे खंगत जातात आणि दारातील कुत्रा शेपटीच्या मुळाशी दातांनी इतके कुरतडतो की, तेथील केस जाऊन कातडे उघडे पडते. मग घरात निश्चय होतो की, या सर्वांस कारण तो कुत्रा. कोणी त्याला रॉकेल चोळतो, कोणी कपाशीवर मारून उरलेले औषध बादलीत कालवून त्याच्या अंगावर ओततो आणि कोणी त्याला पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येतो. इतके करूनही आठ दिवसांनी पिसवा पूर्वीइतक्याच! आमच्या मते या साऱ्या खटाटोपात अपराध्यास सोडून भलत्यासच शिक्षा होत असते. आणि म्हणूनच हा विषय वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्याचा येथे नीट विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम या प्राण्याचा संसार कसा चालतो ते पाहू. कुत्र्याच्या अंगावर आढळणारी पिसू पुष्कळदा मांजराच्या जातीची असते. आपल्या देशात कुत्र्याशेळ्यांवर तिच्या जवळच्या नात्यातील आणखी एक जातही सापडते. पिसू एकदा कुत्र्याच्या अंगावर चढली की, सहसा खाली उतरत नाही. तेथेच ती रक्त पिते आणि एकदोन दिवसांत अंडी घालू लागते; ऐन भरात एक मादी दिवसास ४० ते ५० अंडी घालते. मात्र ही अंडी उवेच्या लिखांप्रमाणे केसांस चिकटून राहत नाहीत. ती गुळगुळीत असल्यामुळे कुत्रा जेथे बसेल, अंग झटकील किंवा झोपेल, तेथे खाली गळून पडतात. दाणेरी मिठासारखी ती पांढरी अंडी धुळीत मिसळली म्हणजे कोणाच्याही नजरेस पडत नाहीत.

अंड्यांतून थोड्याच दिवसांत बिनपायांच्या, केसाळ अळ्या निघतात. त्या उजेडास भितात. म्हणून जमिनीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, गोणपाटाखाली, बाजेच्या पायांशी साचलेल्या धुळीत शिरतात. कुत्र्याच्या अंगावरील पिसवांची विष्ठा, म्हणजे वस्तुतः वाळलेले रक्तच, तीही अंड्यांबरोबर खाली झडते आणि त्या अळ्यांचे मुख्य अन्न तेच. पुढे अळी रेशमासारख्या धाग्याचा कोष विणते व त्यास धूळ चिकटून तो मातीचाच एक कण दिसू लागतो. अनुकूल हवेत अंड्यापासून पिसूपर्यंतचा हा प्रवास तीनचार आठवड्यांत पुरा होतो. परंतु कोषात तयार झालेली पिसू घाई करीत नाही. वर पावलांचा दाब पडला, अंगाची ऊब लागली, श्वासाची चाहूल आली, तरच ती बाहेर उडी घेते. तसे न झाल्यास अनुकूल हवेत ती काही महिनेही आत स्वस्थ पडून राहू शकते.

एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. आपल्या पायावर जी पिसू उडी मारते, ती बहुधा कुत्र्यावरून उतरलेली नसून जमिनीतून नुकतीच निघालेली भुकेली पिसू असते. कुत्रा हाकून दिला की उपद्रव वाढल्यासारखा का वाटतो, याचेही उत्तर यातच आहे. तिचे हक्काचे भक्ष्य घरातून गेले. मग ती मुलामाणसांकडे वळणारच. बीड जिल्ह्यातील ऊसतोडीस गेलेले कुटुंब पाचसहा महिन्यांनी परत येऊन बंद घराचे कुलूप काढते आणि पहिल्याच रात्री साऱ्यांच्या पायांस पिसवा डसतात, असे झाले तर लोक त्यास भुताटकी समजतात. घर बंद असताना मांजरे-उंदीर तेथे नांदलेले असतात, आणि कोषांतील पिसवा तर पावलांच्या चाहुलीचीच वाट पाहत असतात. यात भुताटकी ती कसली?

आता आमचा मुद्दा. वैशाखात शेतकरी जमीन खोल नांगरून उन्हात तापू देतो, ती कशासाठी? पिकावरील अळी पिकावर दिसत असली, तरी तिचे कोष मातीत असतात, हे त्यास पक्के ठाऊक असते. पान झाडून अळी मेली तरी मातीतील बेणे पुढल्या हंगामास उठणारच, हे तो अनुभवाने जाणतो. हेच शहाणपण शेताच्या बांधावर ठेवून तो घरात शिरतो, याचे आम्हांस नवल वाटते. कुत्रा हे पीक आहे. घराची, पडवीची व गोठ्याची जमीन हे त्याचे शेत आहे. केवळ पिकावर औषध मारून शेत तसेच ठेवणारा शेतकरी जसा फसतो, तसाच केवळ कुत्र्यास धुऊन घर तसेच ठेवणाराही फसतो.

हे तत्त्व काही आजचे नव्हे. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा तो कसा पसरतो याविषयी मोठे अज्ञान होते. सन १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरील पिसू हीच या रोगाची वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. पण ते मत कित्येक वर्षे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईस परळ येथे प्लेग संशोधन मंडळाने प्रयोग केले. जमिनीवर मोकळे सोडलेले प्राणी प्लेगाने मेले आणि पिसवांच्या उडीच्या टप्प्याबाहेर उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी वाचले. पिसूचे राज्य जमिनीवर असते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

कुत्र्यावरील पिसू आणि प्लेग पसरविणारी उंदरावरील पिसू या जाती भिन्न आहेत, हे येथे सांगितले पाहिजे; वाचकांस उगाच भिवविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घरात पिसवा एकाएकी फार झाल्या असता त्या कोणत्या जातीच्या, हे साध्या डोळ्यांनी ओळखणे कठीण. सन १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील कित्येक गावी लोक भयाने घराबाहेर राहू लागले, घरांत धान्य तसेच पडून राहिले व उंदीर माजले. पुढल्याच वर्षी, १९९४ च्या ऑगस्टात, बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर मरून पडू लागले आणि त्यामागून गाठीच्या प्लेगाचे संशयित रुग्ण नोंदले गेले. म्हणून विष न घालताच उंदीर मरताना दिसतील, तर त्यांस हात न लावता आरोग्य केंद्रास ताबडतोब कळवावे. उंदीर मेला की त्यावरील पिसवा नवे भक्ष्य शोधू लागतात. यास्तव अशा वेळी आधी पिसवांचा नाश आणि मग उंदरांचा, हा क्रम कधीही उलटू नये.

प्लेगाची गोष्ट बाजूस ठेविली, तरी कुत्र्याची पिसू निरुपद्रवी ठरत नाही. तिच्या पोटात एका चपट्या जंताचे बीज वाढते. कुत्र्याने चाटताना ती पिसू गिळली म्हणजे तो जंत त्याच्या आतड्यांत वाढतो आणि काकडीच्या बियांसारखे त्याचे तुकडे शेपटीखाली दिसू लागतात. जमिनीवर रांगणाऱ्या मुलाने अशी पिसू नकळत गिळल्यास त्यासही तो जंत होतो. लहान पिले आणि करडे तर रक्त शोषले जाऊन पांढरी फटक पडतात व पुष्कळदा दगावतात. ज्याच्या घरी दोन शेळ्यांवर मिठामिरचीचा खर्च निघतो, त्यास एक करडू म्हणजे थोडे नुकसान नव्हे.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, घरातील कुत्री, मांजरे आणि शेळ्या या सर्वांवर एकाच दिवशी उपाय व्हावा. अंगावर पिसवा आहेत की नाहीत अशी शंका असल्यास बारीक फणीने केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावेत. त्यांभोवती तांबूस डाग फुटला तर ती पिसवांचीच विष्ठा समजावी. फणीत सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. कुत्र्यासाठी मानेवर सोडावयाचे थेंब व पोटात द्यावयाच्या गोळ्या हल्ली मिळतात. जनावराचे वजन व वय सांगून पशुवैद्याकडूनच त्या घ्याव्यात. अगदी लहान पिलांस फणी आणि साधे स्नान हेच बरे.

दुसरी गोष्ट, त्याच दिवशी घर हाती घ्यावे. कुत्र्याची बसण्याची जागा, चुलीजवळची राखेची कड, ओट्याखालचा अंधार, कणगीमागची सांद येथील धूळ झाडून ती उकिरड्यावर न टाकता जाळावी. भेगा व बिळे मातीने बुजवून जमीन चोपून सारवावी. गोधड्या, घोंगड्या, गोणपाट कढत पाण्यातून काढून कडक उन्हात घालावेत. ऊन आणि कोरडेपणा अळीस सोसत नाही. शेळ्यांच्या खोपटातील लेंड्या व चोथा खरडून खड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्यावा. घरात औषध फवारावयाचेच असेल, तर घरगुती वापरासाठी मान्यता असलेलेच घ्यावे आणि ते वाळेपर्यंत मुले व जनावरे बाहेर ठेवावीत.

तिसरी गोष्ट चिकाटीची. कोषात बसलेल्या पिसूपर्यंत औषध बहुधा पोचत नाही. म्हणून पहिल्या सफाईनंतरही दोनतीन आठवडे नव्या पिसवा निघत राहतील. त्या पाहून ‘औषध खोटे निघाले’ म्हणून हात टेकू नयेत. तीनचार दिवसांआड झाडलोट आणि जनावरांवरील औषध ठरल्या मुदतीस, असा क्रम निदान तीन महिने चालवावा. रात्री दिव्याखाली परातीत साबणाचे पाणी ठेवल्यास उजेडाकडे धावणाऱ्या पिसवा त्यात पडतात. एवढ्याने त्यांचा नायनाट होत नाही. परंतु त्या कमी होत आहेत की नाहीत, याचा अंदाज मात्र घरबसल्या मिळतो.

पिकावरील औषधांविषयी आम्हांस थोडे कठोर लिहिणे भाग आहे. एकच द्रव्य भातावरील बाटलीत आणि कुत्र्याच्या थेंबांत असू शकते; परंतु त्याचे प्रमाण, त्यातील तेल आणि त्याचा उपयोग यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. कुत्रा अंग चाटतो, मुले त्याच्या गळ्यात पडतात. असल्या स्नानानंतर लाळ गळणे, अंग थरथरणे, पाय लटपटणे ही विषबाधेची लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्य गाठावा. कुत्र्यास सोसणारे परमेथ्रिन मांजरास प्राणघातक ठरते, हेही विसरू नये. रॉकेलाने कातडी भाजते, पिसू मात्र जमिनीत सुखरूप राहते. बी. एच. सी. ची पांढरी भुकटी एके काळी घरोघर असे. तिच्यावर १९९७ पासून आपल्या देशात बंदी आहे. जुन्या फडताळात ती कोठे उरली असल्यास ‘वाया कशाला घालवा’ म्हणून जनावरांवर धुरळू नये.

‘एवढा उपद्व्याप करावयास शेतकऱ्यास वेळ कोठे आहे?’ असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, औषधांवर वारंवार पैसा घालून तो वाया दवडण्यास जर वेळ आहे, तर एकदा घर झाडून भेगा बुजविण्यास तो खास निघेल. खरी अडचण निराळीच आहे. गावातील कुत्री एका घरची नसतात. रामाच्या ओट्यावर निजलेला कुत्रा गोविंदाच्या पडवीत अंग झटकतो. म्हणून एका घराने कितीही सफाई केली, तरी शेजारची जमीन जोपर्यंत पिसवांचे बेणे राखीत आहे तोपर्यंत ती फुकट. बांधावरचे तण जसे दोन्ही शेतकऱ्यांनी मिळून काढावयाचे, तसेच हे कार्य वाडीने मिळून केले पाहिजे. प्रत्येक गावच्या सभासदांनी महिन्यातील एक दिवस ठरवून सर्व वाडी एकदम झाडावी, पशुवैद्यास त्या दिवशी गावात आणावे आणि ज्यास मालक नाही अशा कुत्र्याचा खर्च वर्गणीतून काढावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

रानडुकरांपासून भुईमूग राखणारा, रात्री अनोळखी पावलावर भुंकणारा हा प्राणी आपल्या घरचाच एक चाकर आहे. पिसू त्याच्या अंगावर दिसते, कारण तिला दुसरीकडे बसावयास जागा नाही. पण तिचा पाळणा आपण आपल्या घराच्या धुळीत हलवीत असतो. तेव्हा पुढल्या वेळी कुत्रा अंग खाजवू लागला, म्हणजे हातात काठी घेण्यापूर्वी आमच्या वाचकांनी केरसुणी घ्यावी, एवढीच आमची विनंती.