नॉर्मंडीचा हवामान-अंदाज एकट्याचा नव्हता



दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या नॉर्मंडीवरील चढाईचा दिवस हवामानतज्ज्ञ ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग यांनी मनाच्या कौलावर ठरवला, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. हे मला अजिबात पटत नाही. स्टॅग यांचे मोठेपण अंतःप्रेरणेत नव्हते. भांडणाऱ्या तज्ज्ञांतून एक उत्तर काढून ते सरसेनापती आयझेनहॉवर यांच्यापुढे ठामपणे मांडण्यात होते.

अमेरिकी हवाई दल, डन्स्टेबलचे ब्रिटिश हवामान कार्यालय आणि ब्रिटिश नौदल अशी तीन केंद्रे दूरध्वनीवर तासन्‌तास वाद घालत. अमेरिकी गट जुन्या वर्षांच्या नकाशांशी साम्य शोधून ५ जून १९४४ ला हवा चालेल म्हणत होता. डन्स्टेबलला ते मुळीच मान्य नव्हते. तिथले हवामानतज्ज्ञ स्व्हेरे पेटरसन वरच्या थरांतील वाऱ्यांवर भर देत. आयर्लंड तटस्थ होता, तरी तिथल्या ब्लॅकसॉडच्या टपाल कार्यालयातून वायुदाब झपाट्याने उतरल्याची नोंद आली. ती पुन्हा तपासून घेण्यात आली. चढाई एक दिवस पुढे गेली.

लाटांचे गणित तर पत्रलेखकाने सोडूनच दिले! सैन्य उतरवणाऱ्या होड्यांना वाऱ्याइतकीच भीती दूरवरून येणाऱ्या लांब लाटांची असते. समुद्रशास्त्रज्ञ स्वेरड्रुप आणि मुंक यांनी त्यांचा अंदाज बांधण्याची रीत बसवली व लष्करी अधिकाऱ्यांना शिकवली.

६ जूनही हुकला असता, तर चढाईला सोयीचा भरती-ओहोटीचा पुढचा मेळ १९ जूनच्या सुमारास होता. त्याच दिवशी उठलेल्या वादळाने ओमाहा किनाऱ्यावरचे कृत्रिम बंदर मोडून टाकले.

– एक वाचक, रत्नागिरी