शॉकअपचा भुर्दंड चालकाच्याच माथी का?

प्रति,
मा. मंत्री,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : खराब रस्त्यांमुळे शॉकअप व स्ट्रट बदलण्याचा वाहनचालकांवर पडणारा खर्च कमी करण्याबाबत.

महोदय,

मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हापासून या मार्गावर पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांच्या अंगवळणी खड्डे, खडी आणि डायव्हर्शन पडले. गाड्यांच्या मात्र पडलेले नाहीत. त्यात गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, तो ऐन खड्ड्यांचा मोसम.

शॉकअपमधले तेल धक्क्याचा जोर उष्णतेत जिरवते. आदळआपटीने सील गेले की तेल पाझरते, गाडी उसळू लागते, टायर वेडेवाकडे झिजतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतर जास्त लागते. प्रश्न प्रवाशांच्या जिवाचा असल्याने हे काम पुढे ढकलता येत नाही.

एक शॉकअप गळला तरी त्या आसावरचे दोन्ही बदलावे लागतात. पुढे स्ट्रट असेल तर माउंटिंग, बेअरिंग आणि रबरी बूटही बहुधा त्याच वेळी घ्यावे लागतात. स्प्रिंग दाबून उतरवण्याची मजुरी वेगळी, शेवटी व्हील अलाइनमेंट वेगळे. गाडी गॅरेजात असेपर्यंत धंदा बंद. कर्जाचा हप्ता चालूच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १०,००० रुपये मूळ किमतीच्या भागांवर १,००० रुपये वाचायला हवेत. पण बिलावर ‘सस्पेन्शन काम’ अशी एकच रक्कम असेल, तर ही सवलत पडताळणार कशी?

भरपाईचे दरवाजेही बंद आहेत. नेहमीच्या विमा पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार निष्काळजी प्राधिकरणाला वा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो, तोही मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावरच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांच्या बळींसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. मोडलेली गाडी यांपैकी कशातच बसत नाही.

म्हणून चालकांच्या मागण्या अशा :

१. खड्ड्यांमुळे झालेल्या वाहनाच्या नुकसानीसाठी छायाचित्र व गॅरेजच्या बिलाच्या आधारे दावा करण्याची सोय व्हावी. रक्कम कंत्राटदाराच्या अनामतीतून वळती करावी.

२. केरळमधील पालियेक्करा नाक्यावरील टोल खराब रस्त्यामुळे थांबवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये कायम ठेवला. रस्ता दुरुस्त होईपर्यंत टोल नाही, हा नियम देशभर लागू करावा.

३. सुटे भाग, मजुरी, अलाइनमेंट आणि कर यांची बिलात स्वतंत्र नोंद सक्तीची करावी. काढलेला भाग ग्राहकाला दाखवावा.

४. स्वतंत्र गॅरेजांना अस्सल सुटे भाग मिळत नसल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. हे भाग खुल्या बाजारात छापील किमतीत मिळावेत, यासाठी ग्राहक व्यवहार विभागासह कार्यवाही करावी.

पहिल्या दोन मागण्यांवर पुढील पावसाळ्यापूर्वी निर्णय घेऊन लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
मुंबई–गोवा महामार्गावरील टॅक्सी, रिक्षा व टेम्पोचालक

प्रत माहितीस्तव : मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य