आलास एकदाचा!

मराठीत उशिरा येणाऱ्याची काही धडगत नाही. आठवून बघा. 'बैल गेला नि झोपा केला', 'वरातीमागून घोडं', 'तहान लागल्यावर विहीर खणणे' आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'उशिरा सुचलेलं शहाणपण'. (झोपा म्हणजे गोठ्याचं काटक्याकुटक्यांचं दार. निम्म्या शाळकरी मुलांना वाटतं की बैल गेल्यावर शेतकरी झोपला.) गंमत अशी की या चारही ठिकाणी काम झालेलं आहे! दार बसवलं, घोडं आणलं, विहीर खणायला घेतली, शहाणपणही सुचलं. पण शाबासकी कुठेच नाही, नुसता टोमणा.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या भाच्यामुळे. तो सध्या क्रोएशियात, झाग्रेबला नोकरी करतो. तिकडची भाषा हळूहळू शिकतोय आणि रविवारी फोनवर आमच्यावर तिचे प्रयोग करतो. परवा त्याने एक म्हण शिकवली. 'बोल्ये इकाद नेगो निकाद.' बोल्ये म्हणजे जास्त चांगलं, इकाद म्हणजे कधीतरी, निकाद म्हणजे कधीच नाही. कधीच न होण्यापेक्षा कधीतरी झालेलं बरं! इकाद-निकादचं यमक असल्यामुळे पटकन तोंडात बसते. "मामा, इथे ही सारखी ऐकू येते," म्हणाला. दोन महिन्यांपूर्वी उसना नेलेला पाना परत आला, बोल्ये इकाद. मेलला तीन आठवड्यांनी उत्तर आलं, बोल्ये इकाद. पुढचं 'नेगो निकाद' म्हणायची गरजही पडत नाही.

तशी ही म्हण युरोपभर आहे. आपण शाळेत घोकलेली इंग्रजी म्हण तीच, आणि तिचं लॅटिन रूप रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं. आपल्याकडे मुंबईत अशा वेळी लोक 'देर आए दुरुस्त आए' म्हणून मोकळे होतात. पण मला ती वेगळी वाटते. ती मूळची फारसी, 'देर आयद दुरुस्त आयद'. जे सावकाश येतं ते नीट होऊन येतं, असा तिचा भाव. म्हणजे उशिराचं चक्क समर्थन! क्रोएशियन म्हण बिचारी असला काही दावा करत नाही. नीट झालं की वाकडं झालं ते नंतर बघू, झालं ना?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भाचा एकदा कामावर अर्धा तास उशिरा पोचला आणि मोठ्या ऐटीत स्वतःच म्हणाला, बोल्ये इकाद नेगो निकाद. त्याचा सहकारी हसला आणि म्हणाला, "हे वाक्य माझं आहे, तुझं नाही."

मला हे फार पटलं. ज्याने वाट पाहिली त्याचा हक्क आहे या म्हणीवर. ज्याने वाट पाहायला लावली त्याने ती वापरली की तिचा निर्लज्जपणा होतो.

आता आमच्या दिंडोशीचंच घ्या. हायवेवर मेट्रो ७ चं काम २०१६ साली सुरू झालं. पत्रे, खड्डे, धूळ, सगळं सोसून झाल्यावर २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या दिवशी, दिंडोशी स्टेशनातून गाडी सुटली. तेव्हा लोक काय म्हणाले? "झाली बाबा एकदाची!" आणि इथे माझी ट्यूब पेटली. मराठीत उशिराला माफ करणारी म्हण मला सापडत नव्हती, कारण ती म्हणीत नाहीच, या एका शब्दात आहे. एकदाचा. "आलास एकदाचा!" यात राग आहे, सुटका आहे आणि 'चल, हातपाय धू, जेवायला बस' हेसुद्धा आहे. इकाद आणि एकदा कानाला सारखे लागतात हा निव्वळ योगायोग, पण मला आवडला.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही तेच. तमिळला तो २००४ साली मिळाला. आपल्या रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ चा. आणि दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. 'मिळाला एकदाचा' असं मराठी वाचकाने म्हणावं, समितीत खपलेल्यांनी तर जरूर म्हणावं. ज्यांच्या टेबलावर तो कागद पडून होता त्यांनी अभिनंदनाचे फलक लावताना जरा दमानं घ्यायला हरकत नव्हती.

आणि काही ठिकाणी हा शब्द कुणीच वापरू नये. इथून जवळच, मालाडच्या पिंपरीपाड्यात २ जुलै २०१९ ला मध्यरात्रीनंतर पावसात जलाशयाच्या टेकडीवरची महापालिकेची भिंत झोपड्यांवर कोसळली. तीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर चौकशी आली, पुनर्वसनाच्या बैठका आल्या. तिथे आपली जुनी बैलाची म्हणच खरी. तिच्यातला टोमणा तिथे कमीच पडतो.

पण हाच टोमणा भलत्या ठिकाणी बसला की माणूस कायमचा खाली बसतो. माझ्या धाकट्या मावशीने बावन्नाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली. फॉर्म भरल्याचं कळताच शेजारणी, नातेवाईक, कुणी म्हणायचं सोडलं नाही. "आता काय कलेक्टर व्हायचंय?" "वरातीमागून घोडं!" इतकं झालं की तिने पुस्तकं गव्हाच्या डब्यामागे ठेवायला सुरुवात केली, कुणी आलं की दिसायला नकोत म्हणून. गणितात एकदा राहिली. पुन्हा बसली. वाट पाहायला लावणारी कोण होती? तिचं लवकर झालेलं लग्न, सासरचा पसारा, मग मुलांची शिक्षणं. आणि वाट पाहणारी तीच. निकालाच्या दिवशी तिने आईला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "सुटले गं एकदाची." मार्क आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत उशिरा येणाऱ्याला पाट मांडून बसवणारी एखादी अख्खी म्हण असेल तर मंडळी, जरूर कळवा. भाच्याला बदल्यात काहीतरी शिकवायचंय.