नाही म्हणण्याची मुभा

ज्याच्या शब्दाला वजन असते त्याचे चारित्र्य आपण बहुधा पैशात, नाहीतर शयनगृहात शोधतो. तिथे डाग सापडला नाही की माणूस निर्मळ ठरतो. ख्रिस्ती विचार एवढ्यावर थांबत नाही. याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला आले तेव्हा त्याने त्यांना हाकलले नाही. थोर व्हायचे असेल त्याने इतरांचा सेवक व्हावे, असे सांगून मोजमापच उलटे केले. म्हणजे प्रभावी माणसाविषयी साक्ष काढायची ती त्याच्या बरोबरीच्यांची नव्हे, तर ज्यांना त्याच्यापुढे नाही म्हणता येत नाही त्यांची. हे माप किती कडक आहे, ते पंडिता रमाबाईंना लावून पाहावे.

वरच्यांपुढे रमाबाई वाकल्या नाहीत, याबद्दल वाद नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशीच त्यांनी सिद्धांत आणि आज्ञापालन यांवरून पत्रांतून वाद घातला. १८९७ च्या प्लेगात पुण्यात बायकांची झालेली आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर मांडली, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते आरोप झिडकारले. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेल्या बाईने राज्यकर्त्यांनाच सुनावणे ही लहान गोष्ट नव्हे.

खरी परीक्षा मात्र शारदा सदनात झाली. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेली आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेली विधवांची ही शाळा अमेरिकन देणग्यांवर चालत होती, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे वचन तिने दिले होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंची बाजू अशी की सक्ती कुणावर नव्हती, त्यांनी फक्त आपल्या प्रार्थनेचे दार बंद ठेवले नाही. हे खरे मानले तरी पुरेसे नाही. जिला जेवण, अंथरूण आणि अक्षरओळख एकाच बाईकडून मिळाली, तिच्यासाठी त्या बाईचे उघडे दार म्हणजे आमंत्रणच. मुलींना स्वतःचे मन नव्हते का, असे कुणी विचारील. होते की! सदनातल्याच गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण एकीचा निर्धार म्हणजे बाकीच्यांच्या स्वातंत्र्याचा पुरावा नव्हे. चारित्र्याची चर्चा कशाला, नियम चोख करा, हा दुसरा आक्षेप. तटस्थतेचा नियम तर होताच. तो मोडला की पाळला, हे ठरवणारीही तीच प्रभावी व्यक्ती होती, ही खरी अडचण.

पुढे रमाबाईंची केडगावची ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून वाढली आणि दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना तिने जगवले. तटस्थतेचे वचन आणि मनातली ओढ यांतला ताण संपला, याचे श्रेय रमाबाईंना द्यायलाच हवे. मात्र त्यांचा धर्म न मानता त्यांचे काम मानणारे, आणि वेळ आली तर राजीनामा पुढे ठेवणारे रानड्यांसारखे सल्लागार तिथे उरले नाहीत. आणि तिथल्या मुली तर पुण्यातल्या मुलींहूनही निराधार होत्या.