कोयता, कंबर आणि अंगदुखीची गोळी

पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसे ऊसतोडीला निघतात, तेव्हा गाठोड्यात अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टीही जाते. मोळ्या वाहून कंबर धरली की गोळी, मग पुन्हा कोयता. खाडा परवडत नाही, हे या गोळीमागचे खरे दुखणे.

अशा गोळ्यांतले डायक्लोफिनॅक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा नियम आहे. तरी ते सुटे मिळते. ही गोळी शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने रोखते, म्हणून वेदना थांबते. पण तीच रसायने जठराचे अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. त्यामुळे पोटात जळजळ होते, कधी अल्सर फुटून काळी शौच होते. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मजुराच्या मूत्रपिंडाला तर थेट धोका. जळजळीला ‘पित्त’ म्हणायचे आणि त्यावर दुसरी गोळी घ्यायची, यात मूळ कारण दडून राहते, हे फार क्लेशदायक आहे.

२०११ मध्ये केंद्राने १२ वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइड या दुसऱ्या वेदनाशामक औषधावर बंदी घातली. मोठ्यांच्या पोटाची काळजी कोणी घ्यायची? अन्न व औषध प्रशासनाने गावोगावची विक्री तपासावी. साखर कारखान्यांनी हंगामात तळावर नियमित डॉक्टर पाठवावा. आणि काळी शौच दिसली, लघवी कमी झाली किंवा चेहरा सुजला, तर गोळी थांबवून लगेच सरकारी दवाखाना गाठा. औषधाचा त्रास कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.